रॅस्मीकडे उरलेली नावं

वसंतात रॅस्मीला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. शेटलंडच्या आमच्या बेटाभोवती साठ वर्षं होडी चालवलेला माणूस, पण ‘हो’ म्हणायला गेला तरी घशातून नुसती घरघर यायची. मी त्याचा शेजारी. पत्ते खेळायला रोज जायचो. आता हरलास तरी शिव्या द्यायची सोय नाही, असं मी म्हणायचो, तेव्हा तो डोळ्यांनी हसायचा. त्याची मुलगी ओस्ला ॲबरडीनच्या नोकरीतून रजा काढून त्याच्यासाठी आली होती. ती हसायची नाही.

जूनमधल्या एका दुपारी पलीकडच्या लहान बेटावर मेंढ्या बघायला आम्ही तिघं होडीनं गेलो. परतताना धुकं उतरलं. वल्ह्याचं टोकही दिसेना. ओस्लानं वल्ही थांबवली. पाणी जवळच कुठल्यातरी दगडावर आपटत होतं.

“स्वार्टा स्केर,” पुढून रॅस्मी बोलला.

म्हणजे काळा खडक. हजार वर्षांपूर्वी इथे उतरलेल्या व्हायकिंगांनी ठेवलेलं नाव. वसंतापासूनचा त्याचा पहिला शब्द. ओस्लानं वळून त्याच्याकडे पाहिलं.

“डावीकडे ठेवू, बाबा?”

त्यानं धडधाकट हात डावीकडे केला. मग बऱ्याच वेळानं, झोपेत बोलावं तसं, “लांगा विक.” लांब खाडी. मग “सेल हेल्या,” सील प्राण्यांचा कातळ, आणि त्यावरचे सील खरंच फुरफुरले. आमच्याआधी गेलेली कुठलीतरी होडी धुक्यात पुढे चालली आहे आणि आपण तिच्यामागे आहोत, असं मला वाटत राहिलं. शेवटी होडीच्या तळाला आमच्या किनाऱ्याची वाळू लागली.

बाकीचे शब्द परत आलेच नाहीत. पण नावांवर भागायला लागलं. तहान लागली की ‘केल्डा’, घरामागचा झरा. बाहेर जायचं असलं की ‘किर्कगेट’, चर्चकडे जाणारी गल्ली. खेळताना मी पान लपवलं की ‘ट्रोला गील’, भुतांची घळ, म्हणजे इथे भुताटकी चाललीय. ओस्ला त्यावर पहिल्यांदा पोट धरून हसली.

सप्टेंबरात तिची रजा संपली. तिनं त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून विचारलं, “बाबा, जाऊ मी?”

त्यानं खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बोट केलं. मग म्हणाला, “हाम्ना वो.”

होड्या परत येतात ते बंदर. ओस्लानं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं ती गेली, आणि महिन्याभरात चार दिवसांसाठी आलीसुद्धा.