सत्तेचाळीस नंबरचं वासरू

ब्रेनाने तपासणीचा कागद फ्रीजवर चिकटवला आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. बासष्ट वासरं, बासष्टच्या बासष्ट साफ! आता सोमवारी कळप सामायिक कुरणावर जाणार आणि तिची पेरोगीही पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जाणार.

पेरोगी म्हणजे तिची लाडकी गाय. बाजारातून आणलेलं मरतुकडं पोर ब्रेनाने बाटलीवर वाढवलं होतं. मागचा उन्हाळा ती घरामागच्या आवारात एकटीच होती, कारण ब्रेना तिला प्रदर्शनासाठी तयार करत होती. गाभणही ती तिथेच राहिली, कृत्रिम रेतनाने. बक्षीस मिळालं नाही ते नाहीच. पण पेरोगी दिसायला मात्र अशी देखणी, की बघत राहावं!

कुरणाचा नियम यंदा नवा होता. सात घरांचे कळप तिथे एकत्र चरतात आणि वळूही तिथेच सोडतात. गाय गाभण असताना पहिल्या काही महिन्यांत एक विषाणू पोटातल्या वासराला लागला, तर ते वासरू त्याला आपलाच समजतं, लढतच नाही. मग जन्मभर नाकातून, लाळेतून तो वाटत फिरतं. म्हणून प्रत्येक वासराच्या कानाचा बारीक तुकडा तपासायला पाठवायचा. रोगी आईला रोगीच वासरू होतं, म्हणजे वासरू साफ तर आईही साफ. गाईंना वेगळं तपासायची गरजच नाही.

तेवढ्यात शेजारचे लाइल थॉरव्हल्डसन दार न वाजवताच आत आले.

"कॉफी आहे का, का तीही कुरणावर पाठवली?"

"बसा लाइलकाका. बघा, सगळे साफ!"

"माझं पोर कसंय ते सांग आधी. ते पेरोगीच्या जिवावर लठ्ठ झालेलं."

"तुमचं कसलं? माझं आहे ते!"

"वा गं वा! कान माझ्या गाईच्या पोराचा आणि बिल्ला तुझ्या गाईचा!"

टेबलाशी बसलेले ओरेस्ट, म्हणजे ब्रेनाचे बाबा, खो खो हसले. ब्रेनाही हसायला लागली आणि मधेच थांबली.

एप्रिलमध्ये पेरोगीचं वासरू दुसऱ्याच दिवशी मेलं होतं. त्याच आठवड्यात लाइलकाकांच्या गाईला जुळं झालं, आणि त्यातलं एक त्यांनी दिलं. ब्रेनाने स्वतः मेलेल्या वासराचं कातडं काढलं, आणि वासाने पेरोगीला ते आपलंच वाटावं म्हणून सुतळीने त्या नव्या पोराच्या पाठीवर बांधलं. पेरोगीने हुंगलं, चाटलं आणि पाजलं. चौथ्या दिवशी ब्रेनाने कातडं सोडवून पोराच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला. सत्तेचाळीस. पेरोगीचा नंबर. त्या दिवशी ती केवढी ऐटीत फिरली होती!

म्हणजे कागदावरचा सत्तेचाळीस साफ होता, पण तो पेरोगीबद्दल काहीच सांगत नव्हता. तिचं खरं वासरू न तपासताच पुरलं होतं.

ब्रेनाने लाइलकाकांकडे पाहिलं. ते बिस्किट बुडवत होते. त्यांच्या ऐंशी गाई त्याच कुरणावर जाणार होत्या, तिथेच गाभण राहणार होत्या. बोलली नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. निदान पुढच्या वसंतापर्यंत.

"बाबा," ती म्हणाली, "पेरोगीची तपासणी झालेलीच नाही."

"झालीय की. हा काय कागद."

"तो काकांच्या गाईचा आहे."

ओरेस्टना कळायला वेळ लागला. लाइलकाकांना लागला नाही. त्यांचं बिस्किट कपात पडलं.

"अगं, एवढी धडधाकट गाय!" ओरेस्ट म्हणाले.

"रोगी गाईही दिसतात ना तशा कधीकधी. तुम्हीच कुरणाच्या बैठकीहून येऊन सांगितलंत."

त्याच दुपारी गुरांच्या डॉक्टर मॅकफीबाईंनी पेरोगीच्या कानाचा तुकडा घेतला. निकाल आला, रोगी. नुसती तात्पुरती लागण असेल म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा घेतला. तोपर्यंत पेरोगी वेगळ्या गोठ्यात आणि सगळा कळप घरीच. दुसराही निकाल तोच.

"तुमच्याकडे वळू अजून सोडला नव्हता, हे बरं झालं," बाई म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या साली किती रोगी वासरं निघाली असती, कुणी सांगावं."

अशी गाय कुणाला विकायची नसते, फक्त कत्तलखान्याला. गाडी आली तेव्हा ब्रेनानेच पेरोगीला दोरी धरून वर चढवलं. प्रदर्शनासाठी शिकवल्याप्रमाणे ती न ओढता चालली, म्हणून ब्रेनाला जास्तच रडू आलं.

संध्याकाळी लाइलकाका पुन्हा आले, दार वाजवून. हातात कुरणाच्या पुढच्या वर्षीच्या अर्जाचा कच्चा मसुदा.

"इथे एक रकाना वाढवलाय. बघ, नीट लिहिलाय का."

ब्रेनाने वाचलं. वासरू या गाईचंच की दुसरीचं आणून लावलेलं?

"अक्षर घाणेरडं आहे, बाकी ठीक," ती नाक पुसत म्हणाली.

"अक्षरावरून बोलू नकोस. माझं पोर भुकेलंय तिकडे, ऐकू येतंय मला."

ब्रेनाने बाटलीत दूध भरलं. गोठ्यात जाताना कात्री आणि एक नवा बिल्ला बरोबर घेतला. पोर दूध ओढायला लागल्यावर तिने त्याच्या कानातला सत्तेचाळीसचा बिल्ला कापून काढला आणि नवा ठोकला. एकशे बारा. त्याच्या खऱ्या आईचा, काकांच्या गाईचा नंबर.