नवव्या खुंटीपाशी

मित्रांनो, माझ्यात घालायला लागणारा रोल आता सहज मिळत नाही, आणि माझ्या भिंगाच्या कडेला बुरशीही धरली आहे. मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या बरोबरीचे बहुतेक कॅमेरे लग्नं, मुंजी आणि ताजमहालासमोरची जोडपी टिपता टिपता म्हातारे झाले. मी मात्र जन्मभर गवताचे फोटो काढले.

परदेशातल्या एका कारखान्यात माझी भिंगं घासली गेली. १९८४ साली मी दिल्लीच्या एका सरकारी संशोधन कार्यालयात आलो. पहिली दोन वर्षं कुणाचा निरोपसमारंभ असला तरच कपाटाबाहेर पडत असे. मग वनस्पतिशास्त्रज्ञ चंद्रप्रभा कर्णिक यांनी मला मागून घेतलं.

मानेसरच्या बाजूला अरवलीचे गवताळ उतार आहेत. मधून मधून बाभळी आणि बोरी, बाकी सगळं गवत. उन्हाळ्यात ते पेटे. कुठे किती गवत जळायला तयार आहे हे आधीच कळावं, असं चंद्रप्रभाबाईंच्या मनाने घेतलं. सगळा डोंगर कापून तोलता येत नाही, पण त्याचे फोटो तर काढता येतात.

त्यांनी बारा ठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटीवर मला तिपाईवर छातीच्या उंचीला बसवायचं, आणि दहा पावलांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी करायची. गवतात जितके पट्टे बुडाले तितकी त्याची उंची. फोटो निघाला की शेजारचं एक चौरस मीटर गवत कापायचं, वाळवायचं आणि तोलायचं. फोटोमागे तारीख, खुंटी आणि वजन.

काठी धरायला हिंदुराव असत. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे गृहस्थ, कार्यालयाची जीप चालवत.

"मॅडम, बंदूक धरून पहारे दिले," ते एकदा म्हणाले, "पण गवतात काठी धरून उभं राहावं लागेल असं वाटलं नव्हतं."

"हलू नका हिंदुराव. काठी सरळ."

असे तीन उन्हाळे गेले. मधल्या काळात नवव्या खुंटीचा उतार लागवडीसाठी तारेने बंद झाला, आणि शेळ्या व गवत कापणाऱ्या बायका आत येईनाशा झाल्या. त्याच उताराच्या पायथ्याशी चाळीस घरांची ढाणी, म्हणजे वस्ती होती, गवतानेच शाकारलेली. पहिल्या वर्षीच्या फोटोत काठीचे दोन पट्टे बुडाले होते. तिसऱ्या वर्षी, एप्रिलात, पाच. वजन चौपट भरलं होतं.

बाईंनी दोन्ही फोटो कार्यालयप्रमुख साहेबांच्या टेबलावर ठेवले. ढाणीच्या वर गवत कापून वीस पावलांचा मोकळा पट्टा काढायची परवानगी त्यांना हवी होती.

साहेब हसले. "मिसेस कर्णिक, फोटोत वजन दिसतं का? बाकीच्या उताराचं काय, तिथे तर तुम्ही तोललंही नाही."

"तिथला अंदाज फोटोवरून सांगता येतो, सर. तुम्ही जागा दाखवा. मी फोटो काढून वजन लिहून देते. मग तुमच्यासमोर तोलू."

साहेब अच्छा म्हणाले आणि खरंच आले. त्यांनी मुद्दाम अवघड, बोरींमधली जागा दाखवली. फोटो धुऊन आला तेव्हा बाईंनी तो जुन्या फोटोंशेजारी ठेवला, बराच वेळ पाहिला आणि चिठ्ठीवर ४२० ग्रॅम लिहिलं. वाळलेलं गवत तोललं तेव्हा काटा ४५० वर थांबला. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"पट्टा काढा," ते म्हणाले. "गवत ढाणीवाल्यांना नेऊ द्या."

तारेचं फाटक उघडलं. ढाणीतल्या बायका विळे घेऊन आल्या, बाई आणि हिंदुराव त्यांच्यासोबत राबले. आठ दिवसांत पट्टा झाला, पण तो अगदी टोकापर्यंत पोहोचला नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी डोंगरमाथ्यावर धूर दिसला. वारा खालच्या दिशेने होता. बाईंनी मला खडकावर ठेवलं आणि बाभळीची ओली फांदी तोडली. ज्वाळा पट्ट्यापाशी आल्या, त्यांना पुढे काही मिळेना, आणि त्या बसल्या. फक्त अपुऱ्या टोकाकडून एक जीभ खाली घुसली. तिथे बाई, हिंदुराव आणि ढाणीतली माणसं फांद्यांनी आग झोडपत राहिली. दोन गोठे गेले. जनावरं आधीच सोडली होती, घरं आणि माणसं वाचली.

धगीने माझ्या अंगावरचं कातडं फुगलं होतं. बाईंचे हात भाजले होते. तरी त्यांनी मला उचललं.

"मॅडम, आता राहू द्या," हिंदुराव म्हणाले.

"आजचा फोटो उद्या मिळणार नाही. काठी धरा."

पुढे त्या फोटोंचं पुस्तक झालं. वनरक्षक ते हातात धरून समोरचं गवत पाहत आणि किती जळण साठलंय ते ठरवत. माझं कौतुक झालं, एका प्रदर्शनात मला काचेतही ठेवलं. मग नवे कॅमेरे आले, आकाशातून चित्रं येऊ लागली. कार्यालयाने मला मोडीत काढलं, तेव्हा बाई मला घरी घेऊन आल्या.

आता मी द्वारकेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये फळीवर असतो. कधी आठवडेच्या आठवडे मला कुणी पुसत नाही. बाई सत्तरीत आहेत. दर एप्रिलात त्या मोबाइल घेऊन, उरलेल्या सात खुंट्यांवर जाऊन येतात. बाकीच्या पाच जागी इमारती उभ्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून लेक अलका नको म्हणते. बाई म्हणतात, "बिल्कुल जाणार. तू गाडी काढ."

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण एखादी जागा आपली माना. दर वर्षी तिथेच उभे राहा, त्याच दिशेला पाहा, फोटो काढा आणि त्यावर तारीख घाला. काही खटकलं तर सांगायला उशीर करू नका. वाळलेलं गवत कुणाची वाट पाहत नाही.