दारावरच्या माणसाची कंबरपिशवी

मित्रांनो, गॅरेजमधल्या खिळ्याला जी मळकी राखाडी पिशवी लटकलेली दिसते ना, ती मी. सध्या माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे आहेत. पण मला कोणी चिमट्यांसाठी शिवलेलं नव्हतं. माझा जन्म पिस्तूल लपवण्यासाठी झाला.

शिवणाऱ्या बाईने मला एकदाच हातात धरलं, लाल फीत शिवली, दोरा तोडला आणि पुढची पिशवी ओढली. माझं बारसं म्हणाल तर एवढंच. मला दोन कप्पे आहेत. पुढचा किल्ल्यांसाठी, रुमालासाठी. मागचा, पोटाला टेकणारा, तो फक्त पिस्तुलाचा. त्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही, साधी लिपस्टिकसुद्धा नाही, कारण ती चापात अडकली तर गोळी आपल्याच मांडीत. लाल फीत ओढली की मागची चेन एका झटक्यात उघडते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं, कोणी म्हातारा बिस्किटं घेऊन फिरायला निघालाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्याने काढली त्याने माझ्यासारखीच एखादी पाहिली असावी.

ओक्लाहोमातल्या हमरस्त्यावरच्या एका दुकानात मी सात महिने लटकत होते. मग एके दिवशी ऑर्व्हिल टॅकेट आला. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. साखरेच्या आजाराने त्याची बोटं बधिर झाली होती आणि उजवा खांदा वर उचलला जात नव्हता, त्यामुळे पट्ट्याच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढणं त्याला जमेना. बरोबर बायको होती, नेडीन.

दुकानातल्या डार्लाबाईने आधी एक काळी, धटिंगण पिशवी पुढे केली. तिला जागोजागी पट्टे होते, बिल्ले होते.

"हिच्यावर 'आधी मलाच गोळी घाला' एवढं लिहायचं राहिलंय," ऑर्व्हिल म्हणाला.

"तरण्या पोरांना आवडतात त्या," डार्ला हसली. "तुमच्यासाठी ही साधीशी बघा."

ती साधीशी म्हणजे मी. ऑर्व्हिलने मला कंबरेला लावलं आणि नेडीनपुढे वळून उभा राहिला. पिस्तुलाचा आकार कापडातून दिसला की इथले लोक 'छाप पडली' म्हणतात.

"नीट बघ. छाप पडतेय का?"

"पडतेय की," नेडीन म्हणाली. "पोटाची."

सगळे हसले. मग त्याला माझ्या पट्ट्याची कडी लावता येईना. एकदा केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा बोटं घसरली. डार्ला उगाच काउंटर पुसू लागली. नेडीन पुढे झाली, टक् करून कडी लावली आणि म्हणाली, "राहू दे रे, मी लावत जाईन." मला ती बाई फार आवडली. हे मी मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही तिला राक्षसीण समजणार नाही.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. कोणी बंदूक घेऊन घुसलं तर अडवायला त्यांच्या चर्चमध्ये पाच जणांचं सुरक्षा मंडळ होतं. दर रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी ऑर्व्हिल मोठ्या दारात उभा राहायचा. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची गाय व्यायली, सगळं त्याला ठाऊक. माझ्या पोटात काय आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी बोलायचं नाही. एकदा एक म्हातारी त्याचा हात धरून म्हणाली, "तू दारात असलास ना, की मी डोळे मिटून प्रार्थना करते." ते वाक्य त्याने घरी आल्यावर नेडीनला तीनदा ऐकवलं. बस गेली होती, खांदा गेला होता, बोटंही जात चालली होती. माणसाकडे आता ते दारच उरलं होतं.

त्या दारावर रस्टी ओडेलचा डोळा होता. रस्टीचं टायरचं दुकान, वय चाळीस, मंडळाचा प्रमुख. तो दर रविवारी माझ्याकडे बघून म्हणायचा, "बंधू ऑर्व्हिल, पर्स झकास आहे हं. लिपस्टिक कुठल्या रंगाची?"

"तुझ्या आईला विचारूनच आणली," ऑर्व्हिल म्हणायचा. दोघं हसायचे. एकाचं हसणं खरं होतं.

ऑक्टोबरात घरी एक गोष्ट घडली. ऑर्व्हिल पिस्तूल पुसायला बसला होता. नेडीनने सहज विचारलं, "तुझं बोट कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? चापाच्या बाहेर."

बोट चापावर होतं. त्याला कळलंच नव्हतं. नेडीनने डोळ्यांनी पाहिलं आणि ती गप्प राहिली. त्याचा अपमान होईल म्हणून गप्प राहिली असेल. पण मित्रांनो, त्या दिवशी तिने तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसले नसते.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ऑर्व्हिल चर्चच्या संडासात गेला. पँट खाली करायची तर मला काढावंच लागतं. त्याने मला दाराच्या हुकाला अडकवलं, आणि आटोपून, हात धुऊन निघून गेला. ही चूक फक्त पिस्तूलवाल्यांच्या नशिबात असते. छत्री विसरली तर माणूस भिजतो, एवढंच.

नंतर आत आला तो रस्टी. मला बघून त्याचं तोंड असं उजळलं की जणू त्याची प्रार्थना देवाने लगेच ऐकली होती. त्याने मला कोटाखाली घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथे नेडीन एकटीच, सुगीच्या जेवणासाठी पिकन फोडत बसली होती. पिकन म्हणजे आमच्याकडचे लांबट अक्रोड.

"भगिनी नेडीन, ही कुठे मिळाली विचारा. संडासात. हुकाला."

ती उठून उभी राहिली. "देवा! मी त्याला बोलते. आत्ताच बोलते."

"बोला की. तो काय करेल? डोळ्यांत पाणी आणेल, पास्टर पाठीवर हात ठेवतील आणि पुढच्या रविवारी स्वारी परत दारात. उद्या त्याच्या हातून कोणी मेलं तर?" रस्टीने पिस्तूल काढून स्वतःच्या कोटात ठेवलं. "शनिवारी सराव आहे. तिथे त्याचं त्यालाच दिसू दे. आठवडाभर गप्प राहा, बस्स."

"कोणी हसणार नाही ना?"

"दार बंद. आम्ही पाच जण आणि पास्टर. शब्द देतो. आता वजनाला काहीतरी द्या."

मित्रांनो, त्याने एकदाच मागितलं. नेडीनने हातातला पिकन फोडायचा लोखंडी अडकित्ता बघितला आणि माझ्या मागच्या कप्प्यात घातला. चेन तिनेच लावली.

रस्टीने मला पुन्हा हुकाला टांगलं. दोनच मिनिटांत ऑर्व्हिल धापा टाकत आला. मला पाहून त्याच्या जिवात जीव आला. त्याने तळव्याने मला दाबून पाहिलं. आत कडक लागलं, जड लागलं. बधिर हाताला एवढंच कळतं. "प्रभू, तुझे उपकार," तो म्हणाला. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण आम्हा पिशव्यांना तोंड असतं, आवाज नसतो.

त्या दुपारी जेवताना मी त्याच्या खुर्चीच्या पाठीला लटकत होते. नेडीन बटाटे वाढत होती.

"नेडीन, मी आज चूक केली," ऑर्व्हिल म्हणाला. "पिशवी संडासात विसरलो."

तिचा चमचा थांबला. "कोणी पाहिलं?"

विचारलं तिने! सगळं ठाऊक असून विचारलं.

"नाही. देवाने झाकलं." तो ताटाकडे बघत राहिला. "पण आता बस झालं असं वाटतंय. पुढच्या रविवारी शेवटचा उभा राहतो. सगळ्यांचा हात हातात घेतो आणि पास्टरांना माझ्या तोंडाने सांगतो. आपलं आपण सांगितलं की बरं असतं."

म्हणजे दार तो आपणहून सोडत होता. कोणाला काही दाखवून देण्याची गरजच उरली नव्हती. 'ऑर्व्हिल, मागचा कप्पा उघड,' एवढे चार शब्द पुरले असते. मी वाट पाहिली.

"ग्रेव्ही घे अजून," नेडीन म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी तो लोखंडी अडकित्ता कंबरेला बांधून चर्चचं रक्षण करत दारात उभा होता. रस्टी त्याच्या शेजारून दोनदा गेला. दोन्ही वेळा त्याने मला चापटी मारली.

गुरुवारी नेडीनने रस्टीला फोन लावला. मी तिच्याच मांडीवर होते, म्हणून पलीकडचंही ऐकू आलं.

"तो स्वतःच सोडतोय. सराव राहू दे."

"मग तर चांगलंच झालं की. पण पास्टरांना सांगून झालंय, भगिनी. आणि आता मागे फिरलो तर तुमचंच नाव पुढे येईल. बघा बुवा."

तिने फोन ठेवला. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं, मित्रांनो. सुरी लागत नाही, रक्त दिसत नाही आणि कापणारा शेवटपर्यंत 'भगिनी' म्हणत राहतो. पण केस तिनेच दिला होता, हेही खरं.

शनिवारी सकाळी तिने माझी कडी लावली, पण हात काढला नाही. "आज नको जाऊस. तुझा चेहरा उतरलाय," ती म्हणाली.

"शेवटचाच सराव आहे गं."

चर्चच्या सभागृहात पाच जण नव्हते. चौदा होते. रस्टीचा मेव्हणा होता, कॉफीचे कप घेऊन बाकावर बसलेले बघे होते, आणि दार सताड उघडं होतं. सरावाची पद्धत अशी की प्रत्येकाने पिस्तूल काढायचं, जमिनीकडे धरायचं, गोळ्या काढून टेबलावर ठेवायचं.

"बंधू ऑर्व्हिल, तुम्ही सगळ्यांत वडील," रस्टी म्हणाला. "मान तुमचा."

ऑर्व्हिलने लाल फीत ओढली. माझी चेन झटक्यात उघडली. त्याने हात आत घातला, बाहेर काढला आणि शिकवल्याप्रमाणे, पाय रोवून, मान ताठ ठेवून, अडकित्ता जमिनीकडे धरून उभा राहिला. डोळे समोर होते. बोटं काही सांगत नव्हती. हातात काय आहे हे त्याला लोकांच्या हसण्यावरून कळलं.

"फोड, ऑर्व्हिल, फोड!"

"हात वर करा रे, नाहीतर तो तुमचे अक्रोड फोडेल!"

मेव्हणा बाकावरून घसरला. पास्टरांनी प्रार्थनेचा कागद तोंडापुढे धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. रस्टीने खरं पिस्तूल वर धरलं. "हे रविवारी संडासात लटकत होतं! आणि सहा दिवस यांना पत्ता नाही!"

"सहा दिवस तुला पत्ता होता," ऑर्व्हिल म्हणाला. "बुधवारी दारात कोणीच नव्हतं, रस्टी." ते कोणाला ऐकू गेलं नाही.

मग त्याने अडकित्ता चष्म्याजवळ नेला. मुठीखाली पांढरी चिकटपट्टी होती. चर्चला न्यायच्या प्रत्येक भांड्याला इथल्या बायका आपल्या नावाची पट्टी चिकटवतात, म्हणजे ते चुकून दुसऱ्याच्या घरी जात नाही. नेडीनला घाईत ती काढायचं सुचलं नव्हतं. ऑर्व्हिलने अक्षरं लावून, मोठ्याने वाचलं.

"एन. टॅकेट."

हसणं एकेका तोंडातून कमी होत गेलं. रस्टीचं सगळ्यांत शेवटी थांबलं.

घरी आल्यावर तो माझ्या कडीशी झटू लागला. नेडीन पुढे झाली तसा तो मागे सरला. पाचव्या खेपेला कडी सुटली. अडकित्ता त्याने सिंकच्या कडेला ठेवला.

"तुझा चर्चमध्ये राहिला होता."

"ऑर्व्हिल, मी तुला सांगणार होते रे."

"मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला.

दारात आता रस्टी उभा असतो. पिस्तूल विकलं गेलं, आणि मी चिमट्यांची पिशवी झाले. ऑर्व्हिल रागावला नाही, हे फार वाईट झालं. रागावला असता तर भांडण मिटलं असतं. तो जेवतो, 'छान झालंय' म्हणतो, ताट उचलतो. फक्त काही सांगत नाही. साखर उतरली तरी सांगत नाही, घरी येताना रस्ता चुकला तरी सांगत नाही.

फेब्रुवारीतल्या एका उन्हाच्या सकाळी तो इथे, माझ्या खिळ्याखालीच, पाय घसरून पडला. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. नेडीन आत गाणं गुणगुणत होती, तेही ऐकू येत होतं. दोन तास तो फरशीवर दात आवळून पडून राहिला. ती चिमटे घ्यायला आली तेव्हा तिला दिसला.

"हाक का नाही मारलीस?" ती रडत त्याच्याजवळ बसली. "मी इथेच होते, इथेच!"

"हाक कुणाला मारायची?" ऑर्व्हिल म्हणाला.

मित्रांनो, आता मला धुवा, माझ्या चेनला मेण लावा, अशी विनंती करायची माझी पाळी. राहू द्या. मी कापडाची आहे, फाटले की टाकून द्या. पण आपलं माणूस स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगायला आलं, तर तेव्हाच त्याच्याशी खरं बोला. ते पुन्हा येत नाही.