कोंडूने तेल घातलं होतं

"ह्यो नाय चालायचा," म्हणत जयरामने एक पिस्टन बाजूला टाकला आणि दुसरा रॉकेलात बुडवला.

लढाईमुळे मोटारींचे नवे भाग येईनासे झाले होते. मुरबाडच्या शेठची कल्याणला जाणारी मोटार बंद पडली, तेव्हा त्यांनी गोठ्यामागे सहा वर्षं गंजत पडलेली त्याच जातीची जुनी मोटार उघडायला सांगितली. तिच्यातलं जे धड निघेल ते हिला लावायचं. त्यासाठी शहापूरहून जयराम मिस्त्रीला बोलावलं होतं.

जुनी मोटार म्हशाच्या जत्रेला माणसं नेताना वाटेतच जाम झाली होती. ड्रायव्हर कोंडूने तेल घातलं नाही, असं ठरलं. "घातलंय," असं तो सांगत राहिला; जत्रेत पोचल्यावर शेठनी त्याला सगळ्यांदेखत काढून टाकलं. त्याच्या महिनाभर आधी ते इंजिन जुळवलं होतं जयरामनेच.

आता दांडे पुसता पुसता त्याचा हात थांबला. पिस्टनच्या दांड्याला खालून लोखंडी टोपी बसते. ती त्याच दांड्याची असावी लागते. दुसऱ्याची आवळून बसते आणि तेल असूनही आतला धातू जळतो. म्हणून जयराम दोन्हींवर छिन्नीने सारखे ठिपके मारी. इथे दोन ठिपक्यांच्या दांड्याला तीनची टोपी होती, तीनच्याला दोनची. धातू काळा पडला होता.

ठिपके त्याचेच होते.

त्याने शेठना दाखवलं. "जुनं कशाला उकरतोस? मोटार तेवढी चालू कर," शेठ म्हणाले.

चार दिवसांनी मोटार चालू झाली. जयराम मात्र तिच्यात बसला नाही. सिद्धगडाच्या पायथ्याला, कोंडूच्या गावी तो चालत गेला.

कोंडू खळ्यात नाचणी झोडत होता. जयराम उभ्याउभ्याच म्हणाला, "चूक माजी व्हती, कोंडूदादा. इंजिन मीच चुकीचं जुळवलं. तू तेल घातलं व्हतंस."

कोंडूच्या हातातली काठी थांबली. त्याने घराकडे पाहून बायकोला हाक मारली. "सकू, भायेर ये गो." ती आल्यावर तो म्हणाला, "आता सांग. मोठ्यानं."

जयरामने पुन्हा सांगितलं. शेजारच्या अंगणात भात कांडणाऱ्या बाया थांबून ऐकू लागल्या.

"म्हातारा ऐकाया नाय राह्यला," सकुबाई म्हणाली. "त्या तेलापायी मरेपरत लेकाशी बोलला नाय."

खळ्याच्या कडेचं पोतं सारून कोंडूने जयरामला बसायला जागा केली, आणि पाठ फिरवून पुन्हा नाचणी झोडू लागला.