कडी नसलेला स्विच

नवा स्विच पास झाला, तर लष्करी वर्कशॉपातल्या इलेक्ट्रिशियन मल्हारीला इलेक्ट्रिक सेक्शनच्या प्रमुखाची खुर्ची मिळणार होती, आणि मेव्हण्यासमोर ताठ बसायची सोय होणार होती. यातली दुसरी कमाई त्याला जास्त प्यारी होती. पण ते तो कबूल करणार नव्हता.

मेव्हणा खंडेराव नाशिकच्या सातपुरात लष्करी ट्रकांच्या दिव्यांचे जुने, पितळी पॉइंटचे स्विच बनवायचा. इलेक्ट्रॉनिक स्विच आले की त्याच्या लेथला सुट्टी. म्हणून दोन हजार तीन साली, ट्रायलच्या आदल्या संध्याकाळी, तो बहिणीच्या हातची शेवभाजी ओरपत म्हणाला, "दाजी, नवा अंधारात दगा देतो, एवढंच सांगा. खोटं थोडंच हाय?"

"दादा म्हणतोय ते ऐका," नवसाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"बघतो," मल्हारी म्हणाला. त्या घरात 'बघतो' म्हणजे 'हो'.

सकाळी ताडपत्र्या लावून शेडमध्ये अंधार केला. जुन्या स्विचला कडी होती. पहिल्या 'टक'ला बारीक दिवा. मोठा हवा तर कडी उचलायची, मग दुसरा 'टक'. शत्रूला चुकून गाडी दिसू नये, म्हणून ही तजवीज. नव्याला ना कडी, ना आवाज. ड्रायव्हर चंदरनं बटण दाबलं. 'टक' ऐकू आला नाही, म्हणून सवयीनं पुन्हा दाबलं. भक्कन मोठा दिवा लागला.

"मेलो!" चंदर ओरडला. "समद्यांना घिऊन मेलो!"

सगळे हसले. कॅप्टनसाहेब हसले नाहीत. "बोलो मल्हारी, पास या फेल?"

मेव्हण्याला हवं ते वाक्य आयतं पानात वाढलेलं होतं. मल्हारीनं कान खाजवला. "साब, अंगूठा आठ दिन में सिखेगा. पुराने का पॉइंट जलता है, चलती गाडी में अंधेरा. वो नहीं सिखेगा."

खरं बोलण्यातच फायदा असला, की त्या खऱ्याला पुरता भाव मिळत नाही. संध्याकाळी खंडेराव आला, दारातूनच म्हणाला, "खुर्चीवर बसा आता, दाजी," आणि पाणीही न घेता गेला.

स्विच पास झाला, पण खुर्ची आलीच नाही. नवा स्विच सीलबंद, उघडतच नव्हता. बिघडला की काढायचा, दुसरा बसवायचा. दुरुस्तीच उरली नाही, तर सेक्शन कसलं? मल्हारी टायरच्या शेडमध्ये गेला. खंडेराव पंपाचे भाग बनवू लागला, पहिल्यापेक्षा बरा चालला. चंदरचा अंगठा आठवड्यात शिकला. म्हणजे तसं फारसं कुणाचं बिघडलं नाही.

ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. त्या वर्षी दिवेलागणीला नवसाबाई ताट घेऊन गच्चीवर गेली. कोर मावळायला आली होती. वारा होता, म्हणून मल्हारीनं निरांजनापुढे हात आडवा धरला. तिनं त्याच्याकडे न बघता, सावकाश, तीनदा ओवाळलं.