अर्धी खाच

माझे आजोबा नागपूरला एका कचेरीत कारकून होते आणि त्यांनी आयुष्यात कधी मांजरसुद्धा हाकललं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दीड-दोन वर्षं मी त्यांना शिकारी करून ठेवलं होतं. तीन बिबटे आणि एक पिल्लू, असा हिशेब होता. आता खरं काय ते सगळ्यांना सांगून झालंय, आमच्या चाकूवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आणि मेजर अंकुरनाही. सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. मला तरी अजून वाटलेलं नाही.

मला घडीच्या मोठ्या चाकूंचा नाद आहे. बँकेतून निवृत्त झालेली माणसं सकाळी फिरायला जातात, मी भंगारवाल्यांकडे जातो. नेपियर टाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात एकतीस चाकू होते. रामपुरी, शिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, आणि भाच्यानं स्पेनहून आणलेला एक, जो उघडताना गाडीचं इंजिन सुरू होत नसल्यासारखा करकरतो. पातं नऊ इंचांच्या आत असलं तरच घ्यायचं, हा माझा नियम, कारण पोलीस ठाण्यात जाऊन वाद घालायचं माझं वय राहिलेलं नाही. कुमुद, म्हणजे माझी बायको, त्या कपाटाला ‘तुमचं देवघर’ म्हणते. खऱ्या देवघरातली समई तुम्ही कधी पुसली नाही, हेही लगेच ऐकवते.

ज्याला हा नाद नाही त्याला तो समजावता येत नाही, पण एकदा प्रयत्न करतो. चाकू हातात घेतला की त्याचं वजन तळव्यात बसतं. नखानं पातं उचललं की मागची कमानी क्षणभर अडते आणि मग खट्कन सोडते. चांगल्या चाकूचा तो खटका पन्नास वर्षांनीही ढिला पडत नाही. आणि मूठ ज्याच्या हातात राहिली त्याच्या पद्धतीनं झिजते. अंगठा टेकायची जागा खोल होते, करंगळीची गुळगुळीत होते. जुन्या चाकूबरोबर वापरणाऱ्याचा हात मिळतो, असं मी ग्रुपवर लिहिलं होतं. लोकांनी खूप वाहवा केली होती.

हे सुचलं होतं ते विठोबाच्या चाकूवरून. विठोबा आमच्या शाखेत शिपाई होता, काटोलकडचा, राहायला चेरीतालला. डबा खाऊन झाला की खिशातून वीतभर लांब घडीचा चाकू काढायचा आणि पेरू कापून सगळ्यांना वाटायचा. काळ्या शिंगाची मूठ, टोकाला पितळी कडी, आणि मुठीच्या कडेला चार खाचा. तीन पूर्ण, चौथी अर्धीच. मी तो चाकू त्याच्याकडे तीनदा मागितला. “साहेब, हा घरचा आहे,” एवढं म्हणून तो हसायचा आणि पेरूची सगळ्यात मोठी फोड मला द्यायचा.

विठोबा गेला तेव्हा मी भेटायला गेलो. त्याच्या बायकोसमोर, अनसूयाबाईंसमोर, सतरंजीवर बसलो होतो आणि माझी नजर होती कोनाड्याकडे. चाकूवर गंज चढला होता. “साफ करून आणून देतो,” मी म्हणालो. “न्या जी,” त्या म्हणाल्या, “ह्यायचा लय जीव होता त्याच्यावर.” पंधरा दिवस खपून मी गंज काढला, शिवणयंत्राचं तेल घातलं, आणि कपाटात मधोमध ठेवला. उद्या देऊ, रविवारी देऊ असं करत दोन महिने गेले. मग सदरला किंवा कुठेही जायचं असलं तरी मी चेरीतालचा रस्ता टाळायला लागलो. बाईंनी एकदाही मागितला नाही, तेव्हा त्यांना नकोच असेल, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा सोलापूरच्या एकानं विचारलं, घरातला का? आमच्यात घरच्या चाकूला फार मान. मी लिहिलं, “आजोबांचा.” एकच शब्द लिहिला. मग त्यानं विचारलं, खाचा कसल्या? तेव्हा आजोबांना जंगलात पाठवणं भाग पडलं. शिकारीनंतर कातडं काढायचा हा चाकू, प्रत्येक बिबट्यामागे एक खाच, असं मी ठोकून दिलं. चौथी अर्धी का, याचं उत्तर सुचलं तेव्हा तर माझं मलाच कौतुक वाटलं.

यंदा खंडेनवमीला मी सगळे चाकू टेबलावर मांडले, झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. मेजर अंकुर मुद्दाम बघायला आले होते. नुकतीच बदली होऊन सदरच्या लष्करी छावणीत आलेला साताऱ्याकडचा तरुण माणूस, पण चाकूतलं माझ्यापेक्षा जास्त कळणारा. त्यांनी एकतीसातून विठोबाचाच उचलला. “काका, हा राजा आहे,” म्हणाले, आणि माझी छाती फुगली. मी गोष्ट सुरू केली.

दुसऱ्या बिबट्यापर्यंत आलो होतो तेव्हा दार वाजलं. कुमुदनं उघडलं. दारात अनसूयाबाई होत्या. त्यांनी आधी मला नमस्कार केला, मग टेबलाकडे पाहिलं, मग मेजरच्या हाताकडे. त्यांनी चाकू ओळखला हे मला त्याच क्षणी कळलं. मी थांबायला हवं होतं. पण मेजरनी अर्ध्या खाचेवर बोट ठेवून विचारलं, “आणि ही, काका?”

आणि मी सांगितलं. अनसूयाबाई चार हातांवर उभ्या असताना सांगितलं. “ते पिल्लू होतं. अंधारात चुकून मारलं गेलं. आजोबांनी अर्धीच खाच पाडली आणि म्हणाले, हे कसलं मोजायचं? त्यानंतर त्यांनी शिकार सोडली.”

“वा,” मेजर हळूच म्हणाले.

अनसूयाबाईंनी कुमुदकडे पाणी मागितलं. भिंतीला टेकून त्यांनी सगळा पेला संपवला. उन्हातून आल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

“कसं येणं केलं, बाई?” कुमुदनं विचारलं.

“आमच्या लेकीले, शर्मिलाले, पोरगी झाली, ताई. आज तिसरा दिवस. परवा पाचवी हाय.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “पाचवीपासून सव्वा महिना लेकराच्या उशाखाली चाकू लागते न. तर म्हटलं, साहेबाकडून घेऊन यावं.”

कोणता, ते त्या बोलल्या नाहीत. खोलीतल्या आम्हा तिघांना ते माहीत होतं, फक्त मेजरना नव्हतं. कुमुद माझ्याकडे बघत होती. मी मागच्या रांगेतून पितळी मुठीचा नवा कोरा रामपुरी काढला आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. “हा घ्या,” मी म्हणालो, “चांगला भारीतला आहे.” आवाजात दानशूरपणाही आणला होता मी, तेवढा निर्लज्जपणा माझ्यात होता.

त्यांनी तो उचलून कपाळाला लावला. “चालते जी. लोखंड असलं म्हणजे झालं,” म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या.

मेजर गेल्यावर कुमुद माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिनं खुर्ची ओढली की माझं काही खरं नसतं.

“काहून नाही दिला तिचा तिला?”

“तिनं मागितला का?”

“आजोबांचा म्हणून सांगून राहिले होते तुम्ही, चार लोकांत. ती कशी मागन?” मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, “ती दारात उभी होती ते दिसलं होतं ना तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो. कुमुदनं उठून चाकूंवरचा झेंडू गोळा केला. विठोबाच्या चाकूवरचं फूल तिनं तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुर्गेच्या मिरवणुकांमुळे रस्ते बंद असणार, असं मी सकाळी आठलाच जाहीर केलं. रस्ते दुपारपर्यंत उघडे होते, ते गच्चीवरून दिसतही होतं. मी कपाटापुढे बसून राहिलो. ग्रुपवर मेजरनी चाकूचा फोटो टाकला होता, खाली बिबट्यांची आख्खी गोष्ट इंग्रजीत लिहिली होती, आणि पिल्लापाशी रडका चेहरा. त्याखाली आणखी अठरा रडके चेहरे होते. मला स्वतःची किळस आली.

पाचवीच्या दिवशी चार वाजता मी चाकू रुमालात गुंडाळला आणि स्कूटर काढली. कुमुदनं न विचारता झबलं-टोपडं आणि आपट्याची पानं पिशवीत घालून दिली. वाटेत वाक्य तयार केलं होतं: साफसफाईला जरा वेळ लागला. चाकू गुपचूप परत करायचा, मेजरना सांगायचं की चोरीला गेला, आणि आजोबांचे बिबटे तसेच राहू द्यायचे, असा माझा बेत होता. म्हणजे मी निघालो होतो तोही पूर्ण खरेपणानं नव्हे.

चेरीतालच्या त्या दोन खोल्यांत धुरीचा वास होता. पाटा-वरवंटा धुऊन मांडला होता, शेजारी कोरा कागद आणि पेन, रात्री सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते म्हणून. शर्मिला खाटेवर झोपली होती. बाळाच्या उशीखालून माझ्या रामपुरीची पितळी मूठ चमकत होती.

“सोनं घ्या, सोन्यासारखे राहा,” मी पानं दिली. मग रुमाल सोडला आणि चाकू पुढे केला. “साफसफाईला जरा...”

“खाली ठेवा, साहेब. हातात नोको,” अनसूयाबाई घाईनं म्हणाल्या. “चाकू हातात देला तर भांडण होते. आपल्यात काहून भांडण?”

मी फरशीवर ठेवला. त्यांनी उचलला, उघडला, खटका ऐकला. “लय चांगला साफ केला जी,” म्हणाल्या, आणि हे त्या टोमणा म्हणून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग चाकू मिटून त्या बाळाजवळ गेल्या आणि मुठीवरून अंगठा फिरवत त्याला सांगायला लागल्या, “हे पाह्य. हा तुया मोठा मामा. ही तुयी माय. हा पियूषमामा. तुया आजानं पाडल्या. ज्याची पाचवी झाली, त्याची खाच.”

अर्ध्या खाचेपाशी अंगठा थांबला. मला तिथेच गप्प बसता आलं असतं.

“आणि ही?” मी विचारलं. मेजरनी विचारलं होतं अगदी तसंच.

“ही शेवटची. पोरगीच होती. चौथ्या दिवशी गेली.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या, परवासारख्याच. “सासूबाई म्हणे, पाचवी झाली नाही, हिची खाच पाडू नोको. ह्यायनं ऐकलं नाही. अर्धी पाडली. म्हणे, एवढी तरी होती ना ती.”

‘हे कसलं मोजायचं’ हे वाक्य मी या बाईसमोर बोललो होतो. रंगवून, थांबून, पाहुण्याकडून वाहवा घेत. त्या भिंतीला का टेकल्या होत्या, ते आत्ता कळलं. मी खाटेच्या पायाशी खाली बसलो.

“बाई, ती गोष्ट खोटी होती,” मी म्हणालो. “सगळी. आजोबांचा चाकू नाही, बिबटेही नाहीत.”

“माहीत हाय न जी. मीच घेऊन देला होता ह्यायले, काटोलच्या बाजारातून, लग्नाच्या पहिल्या साली.”

“मग बोलला का नाही तिथे?”

“पाहुणे होते न तुमच्याकडे.”

मला वाटलं, यांनी मला चार शिव्या द्याव्यात, निदान दार दाखवावं. त्यांनी चहा ठेवला.

मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी उशीखालचा रामपुरी काढून माझ्यापुढे फरशीवर ठेवला, आणि त्याच्या शेजारी विठोबाचा. “खाचा ह्यायनंच पाडल्या सगळ्या,” त्या म्हणाल्या. “मोठा आन् पियूष दोघंही पुण्याले हाय, सुट्टी नाही. हिची तुम्ही पाडता काय? तुमाले समजते त्यातलं.”

“मी नको, बाई. माझा हात नको.”

“मंग कोणाचा? ह्यायच्या हातचा पेरू खाल्ला न तुम्ही रोज.”

मी मूठ गुडघ्यावर घट्ट धरली आणि रामपुरीचं टोक अर्ध्या खाचेच्या पुढे, कोऱ्या जागी टेकवलं. जुनं शिंग कडक असतं. दोनदा टोक घसरलं. तिसऱ्यांदा आत गेलं, बारीक भुगा माझ्या पँटवर पडला. निम्म्यावर आल्यावर डोळ्यांत पाणी आलं, समोरचं दिसेना, म्हणून हात थांबवला.

अनसूयाबाई जवळ येऊन वाकल्या. त्यांनी खाच पाहिली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

“इथं नोका थांबू, साहेब,” त्या म्हणाल्या. “ही पूर्ण पाडा.”