अठ्ठेचाळीस ओळींचा फलक

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. उंची आठ फूट आणि रुंदी जेमतेम दीड फूट, म्हणजे फलकांच्या जातीत मी अगदीच काटकुळा. माझ्या अंगावर आपल्या देशाच्या फुटबॉल संघाचे दहा वर्षांतले निकाल लिहिलेले आहेत. ओळीखाली ओळ, एकूण अठ्ठेचाळीस. जिंकलेला सामना हिरव्या रंगात, बरोबरीचा पिवळ्या आणि हरलेला लाल. त्यातल्या तेवीस ओळी लाल आहेत. तरीसुद्धा माझं आयुष्य मजेत गेलं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझा जन्म एका पेंटरच्या दुकानात झाला. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा, आणि त्याच्या अक्षराला गावात तोड नव्हती. चौकातल्या गादीवाल्याने आपल्या दारातल्या खांबावर लावायला लांबट फलक मागवला होता. पेंटरने पत्रा कापला, लाकडी चौकट ठोकली, लाल प्रायमर मारला, त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि मला डोक्यावर घेऊन गादीवाल्याकडे गेला. तिथे पाहतो तर खांबच नाही! गाद्या आत-बाहेर करायला अडचण होते म्हणून गादीवाल्याने आदल्याच दिवशी तो पाडून टाकला होता. ज्याच्यासाठी जन्मलो तो खांबच राहिला नाही. कामाला लागण्याआधीच मी बेकार झालो.

पेंटरने मला परत आणलं आणि दुकानाच्या दाराशेजारी भिंतीवर टांगलं. आठ दिवस मी कोरा करकरीत लटकत होतो. समोर बसचा थांबा, थांब्याच्या पलीकडे चष्म्याचं दुकान. तो चष्मेवाला पेंटरचा जिवलग मित्र. दोघांना चहा लागायचा आणि दोघांना फुटबॉल लागायचा. फरक इतकाच, की पेंटरला प्रत्येक सामन्याआधी वाटायचं आपण जिंकणार, आणि चष्मेवाल्याला वाटायचं आपलं काही खरं नाही.

"एवढा उंच पत्रा भिंतीवर नुसता काय करतोस?" चष्मेवाल्याने एकदा विचारलं. "आपल्या संघाचे पराभव लिही त्याच्यावर. जागा पुरायची नाही बघ."

पेंटरला ते झोंबलं. त्याने त्याच दिवशी खडू लावलेली दोरी ताणून माझ्या अंगावर ओळी पाडल्या. वर एक फूट जागा सोडली आणि तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'आपला संघ'. खाली पावणेदोन इंचांची एकेक ओळ. त्याने नियमही घालून दिले. मैत्रीचे सामने धरायचे नाहीत, फक्त खऱ्या स्पर्धांमधले लिहायचे. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस येण्याआधी लागलाच पाहिजे. आणि लिहिलेलं खरवडायचं नाही, कारण खरवडलेल्या पत्र्याला गंज धरतो. माझ्या अरुंद अंगात देशांची लांबलचक नावं मावेनात, म्हणून त्याने सगळ्यांना टोपणनावं दिली. शेजारी, बेटवाले, डोंगरवाले. आणि एक संघ होता 'धिप्पाड'. त्यांचा सगळ्यात बुटका खेळाडू आपल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा.

पहिल्या वर्षी पेंटर शिडीवर चढून लिहायचा, कारण पहिल्या ओळी पार वर होत्या. शिडी त्याची छोटी मुलगी धरायची. चार सामने झाले आणि चारही ओळी लाल झाल्या. पाचवी पिवळी झाली तेव्हा पेंटरने थांब्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला. पहिली हिरवी ओळ लागली नववी, बेटवाल्यांविरुद्ध, दोन विरुद्ध एक. त्या दिवशी लोक बस सोडून देत होते आणि मला वाचत होते. एक मास्तर तर दोन बस सोडून तिसऱ्या बसने शाळेत गेले. मला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं.

पण मित्रांनो, मला सगळ्यात जास्त ओळख मिळवून दिली ती एका चुकीने. ती आहे माझी एकोणिसावी ओळ.

चौथं वर्ष चालू होतं. धिप्पाडांविरुद्ध सामना होता. त्याआधी त्यांनी आपल्याला एकदा पाच गोलांनी आणि एकदा चार गोलांनी झोडपलं होतं. नेमकं त्याच वेळी पेंटरला तीन दिवस परगावी एका शाळेच्या वर्गांवर नावं रंगवायला जायचं होतं. मग सकाळच्या पहिल्या बसच्या आधी निकाल लावणार कोण? मुलीच्या हाताला अजून अक्षराचं वळण नव्हतं, आकडे मात्र ती छान काढायची. पेंटर बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला चष्मेवाल्याचं पटलं. त्याने स्टूलवर चढून लाल रंगात 'धिप्पाड' लिहिलं, पुढे 'पराभव' लिहिलं आणि मध्ये आकड्यांची जागा कोरी सोडली.

"उद्या सामना संपला की आकडे तेवढे भर," तो मुलीला म्हणाला आणि बसमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी आपण एक विरुद्ध शून्य असे जिंकलो.

सगळा चौक नाचत होता आणि मी तिथे लाल अक्षरांत 'पराभव' मिरवत उभा होतो. पत्रा नसतो तर शरमेने मला घाम फुटला असता. मुलगी ब्रश घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला रडावं की हसावं कळेना. तिने मला हात लावला नाही. तिकडे परगावी पेंटरही शाळेच्या आवारात नाचत होता, आणि नाचता नाचता त्याला एकदम मी आठवलो. काम टाकून येता येईना. तिसऱ्या दिवशी तो बसमधून उतरला तेव्हा माझ्यासमोर ही गर्दी! लोक पोट धरून हसत होते.

"काय रे पेंटर, सामना न बघताच निकाल लावायला लागलास?" चष्मेवाला म्हणाला. हसण्यात तोच सगळ्यांच्या पुढे होता.

पेंटर मात्र हसला नाही. "मी माझ्याच पोरांवर विश्वास ठेवला नाही रे," तो म्हणाला. त्या संघातल्या एकालाही तो ओळखत नव्हता, पण सगळी त्याचीच पोरं होती. नियमाप्रमाणे खरवडायचं नव्हतं. मग त्याने 'पराभव'वर एक सरळ रेघ मारली, आकडे भरले आणि उरलेल्या चार बोटांच्या जागेत दाटीवाटीने हिरवा 'विजय' बसवला. त्याच दिवशी त्याने कानाला खडा लावला, की झाल्याशिवाय काही लिहायचं नाही. पुढे दूरदूरचे लोक ती ओळ बघायला यायचे. हिरव्या ओळी माझ्या अंगावर अकरा आहेत, पण लोक बोट ठेवायचे ते याच ओळीवर.

वर्षं गेली. ओळी खाली सरकत गेल्या, तसा पेंटर शिडीवरून स्टूलवर आला आणि स्टूलवरून जमिनीवर. मुलगी मोठी झाली. तिने दुकानात छपाईचं मशीन आणलं. सांगाल ते अक्षर घटकाभरात छापून आणि कापून मिळायचं. दुकान तिने छान चालवलं, मी तिला नावं ठेवणार नाही. पण गिऱ्हाईक हाताने रंगवलेली पाटी मागेनासं झालं. ब्रश डब्यात पडून राहिले. आणि मग पेंटरचा उजवा हात थरथरायला लागला.

चव्वेचाळिसाव्या ओळीला तो ब्रश घेऊन माझ्यासमोर बसला, पण पहिलीच रेघ वाकडी गेली. त्याने ती पुसली आणि तो आत गेला. ती ओळ आणि त्यानंतरच्या तीन मुलीने मशीनवर कापून चिकटवल्या. अक्षरं सारखी, सुबक, एकाही मात्रेला हलायची मुभा नाही. उन्हाने मात्र त्या ओळी कडेने उचलू लागल्या. पेंटर जाता-येता त्या अंगठ्याने दाबून बसवायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण तो स्वतःच्या हाताकडे त्याच नजरेने बघायला लागला होता, ज्या नजरेने त्याने एकदा एकोणिसाव्या ओळीच्या सामन्याकडे बघितलं होतं.

आता माझी एकच ओळ उरली होती, सगळ्यात खालची. आणि दुकानाचं दर्शनी तोंड बदलायचं ठरलं होतं. माझ्या जागी काच येणार होती. "शेवटची ओळ भरली की पत्रा भंगारात देऊ," असं सुतार म्हणालेला मी ऐकलं.

शेवटचा सामना होता धिप्पाडांशीच. आणि तो साधा सामना नव्हता. बरोबरी झाली तरी आपला संघ पहिल्यांदाच जगातल्या मोठ्या स्पर्धेत जाणार होता. चष्मेवाल्याने दुपारी टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवला. थांब्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बसचे ड्रायव्हरसुद्धा खाली उतरले होते.

सामन्याआधी मुलीने वडिलांच्या हातात तीन छापील पट्ट्या दिल्या. एक हिरवी, एक पिवळी, एक लाल. "बाबा, जे होईल ते लगेच चिकटवू. तुम्हाला त्रास नको."

पेंटरने लाल पट्टी वर धरली. "हेही छापून ठेवलंस?"

"तिन्ही छापल्यात बाबा. आकडे तेवढे मागाहून लावीन."

"एकोणिसावी ओळ वाच," पेंटर एवढंच म्हणाला. मुलीने वर पाहिलं. कोरी सोडलेली जागा, आणि ब्रश घेऊन उभी असलेली ती स्वतः, सगळं तिला आठवलं असावं. तिने तिन्ही पट्ट्या त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि त्यांचा बोळा केला.

धिप्पाडांनी पूर्वार्धातच गोल केला. चष्मेवाला म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं?" आणि दुकानात जाऊन पाठ करून उभा राहिला. अख्खा उत्तरार्ध त्याने असाच काढला. सामना संपायला नऊ मिनिटं उरली असताना आपल्या पोरांनी कोपऱ्यावरून चेंडू मारला. गर्दीत कुणाचं डोकं लागलं ते आजवर कळलेलं नाही, पण चेंडू जाळ्यात होता! चौकात जो गलका उठला त्याने माझा पत्रा थरारला. पुढची नऊ मिनिटं कुणी श्वास घेतला नाही. शिटी वाजली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ड्रायव्हरने कंडक्टरला उचलून घेतलं. चष्मेवाला मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला.

मग सगळे माझ्याकडे वळले. पेंटरने आतून रंगाचा डबा आणला. झाकण उघडलं तर आत पिवळा.

"अरे वेड्या, हिरवा आण!" चष्मेवाला ओरडला. "आपण स्पर्धेत गेलो!"

"बरोबरी झाली," पेंटर म्हणाला. "झालं तेच लिहायचं."

तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. ब्रश बुडवला. हात थरथरत होता, आणि एवढ्या लोकांसमोर जास्तच. तेव्हा मुलगी त्याच्या शेजारी बसली आणि तिने आपला हात माझ्या अंगावर आडवा टेकवला, काठीसारखा. "टेकवा मनगट, बाबा."

त्याने मनगट तिच्या हातावर टेकवलं आणि लिहायला लागला. आपण एक, धिप्पाड एक. शेवटी 'बरोबरी'. अक्षरं जरा डुलत होती, पण एकही पडलं नाही. चष्मेवाल्याने डोळे पुसत चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "अक्षरं नाचतायत की माझा नंबर वाढला?"

"नाचतायतच," पेंटर म्हणाला. "आज नाचायचं नाही तर कधी?"

मी भंगारात गेलो नाही. रंग सुकल्यावर चष्मेवाला आणि मुलगी यांनी मला रस्त्यापलीकडे उचलून नेलं. चष्म्याच्या दुकानात, आरशाशेजारी, एक खांब आहे. माझ्या मापाचा! दहा वर्षं उशिरा का होईना, मला माझा खांब मिळाला. आता डोळे तपासायला कुणी आलं की चष्मेवाला त्याला समोर बसवतो आणि म्हणतो, "मधली ती खाडाखोडीची ओळ वाचा." लोक डोळे बारीक करून वाचतात, "धिप्पाड... पराभव... नाही, नाही, विजय!" आणि हसतात. पेंटर रोज चहाला येतो आणि अंगठ्याने माझ्या चिकटवलेल्या ओळी दाबून बसवतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा जुना पत्रा असेल, किंवा थरथरणारा एखादा हात. त्याला सांभाळा. आणि कुणाचाही सामना संपायच्या आधी त्याच्या नावापुढे 'पराभव' लिहून ठेवू नका. मी लिहू दिलं होतं. सहा वर्षं झाली, ती रेघ मी अजून अंगावर वागवतो आहे, आणि खरं सांगू? माझ्या अठ्ठेचाळीस ओळींमध्ये मला तीच सगळ्यात जास्त आवडते.